बँडचं सामान कुणाचं?

कॉलेजच्या मुलांचा बँड मोडतो तेव्हा भांडण पुष्कळदा सुरांवरून नसतं, सामानावरून असतं.

गायक एक माइक घेऊन येतो. ड्रमर पाच ड्रम, सिंबल, स्टँड लादून तासभर आधी पोहोचतो आणि सगळ्यात शेवटी निघतो. मानधन मात्र सारखंच! म्हणून म्हैसूरच्या कॅफेत वाजवत असा की सोसायटीच्या गणपतीत, गाडी भरल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. वायरींची पिशवी, एक्स्टेंशन बोर्ड आणि ९ व्होल्टच्या जादा बॅटऱ्या गायकाकडे द्या. गाडी ज्याची (बहुतेक वेळा ती बाबांचीच असते!), त्याचं पेट्रोल मानधनातून आधी काढा.

म्हैसूरच्या युवा दसऱ्यासारख्या मोठ्या मंचावर साउंडची सोय आयोजक करतात. तिथे ड्रम मिळाले, तरी स्नेअर, सिंबल आणि पेडल ड्रमरने स्वतःचेच न्यावेत. हातापायांना त्यांचीच सवय असते.

खरी गोची मिक्सर-स्पीकरची. चौघांनी वर्गणी काढून घेतले आणि एकाला बेंगळुरूत नोकरी लागली, तर त्याचा पाव हिस्सा कापून देणार का? नाशिकला जन्मलेल्या आणि म्हैसुरात वाढलेल्या रघू दीक्षित यांचा ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ तर वादकांनी येत-जात राहावं अशाच कल्पनेवर उभा आहे. तुमच्याकडेही माणसं बदलणारच. तेव्हा मिक्सर एकाने घ्यावा, स्पीकर दुसऱ्याने. जो जाईल तो आपली वस्तू घेऊन जाईल. तोवर दर कार्यक्रमाला त्याला थोडं भाडं द्या. आणि माइकवर नावाची चिकटपट्टी लावा. काळे माइक सगळे सारखेच दिसतात.