'मुळशी' की 'मुलशी'? कोडमध्ये स्ट्रिंगऐवजी कॉन्स्टंट का वापरायचे

हिंजवडी आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतो, हे तिथे रोज कोड लिहिणाऱ्या अनेकांच्या लक्षातही नसतं. म्हणून आजचं उदाहरण इथलंच घेऊया.

समजा, पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना अतिवृष्टीचा इशारा एसएमएसने पाठवणारा प्रोग्राम आपण जावामध्ये लिहितोय. एका फाइलमध्ये तालुका आहे "मुळशी". दुसऱ्या फाइलमध्ये कुणीतरी घाईत टाइप केलं "मुलशी". आपण वाचताना समजून घेतो, पण कॉम्प्युटरसाठी ळ (युनिकोड ०९३३) आणि ल (०९३२) ही दोन वेगळी अक्षरं आहेत. तुलना जुळत नाही. कंपायलर मात्र गप्प, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही स्ट्रिंग बरोबरच आहेत. प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, फक्त मुळशीचा मेसेज जात नाही. घाटमाथ्यावर जिथे पाऊस सगळ्यात जोरात, तिथलाच शेतकरी इशाऱ्याविना राहतो.

पहिला उपाय म्हणजे कॉन्स्टंट. "मुळशी" ही स्ट्रिंग एकाच ठिकाणी, स्टॅटिक फायनल म्हणून लिहायची आणि बाकी सगळीकडे त्या कॉन्स्टंटचं नाव वापरायचं. आता नाव चुकलं तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. चूक शेतापर्यंत न जाता आपल्या स्क्रीनवरच सापडते.

पण यात एक मेख आहे. जावाचा कंपायलर अशा कॉन्स्टंटची किंमत, ती जिथे वापरली आहे त्या क्लास फाइलमध्ये कॉपी करून ठेवतो. मुळशीच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. तुम्ही कॉन्स्टंटमध्ये "राजगड" केलं आणि फक्त तेवढंच मॉड्यूल बिल्ड केलं, तर बाकीच्या मॉड्यूलमध्ये "वेल्हे" तसंच राहतं! त्यामुळे असा बदल केला की पूर्ण प्रोजेक्ट क्लीन बिल्ड करायचा.

दुसरी अडचण म्हणजे, फंक्शन स्ट्रिंग घेत असेल तर त्यात कुणी काहीही पाठवू शकतं. इथे एनम कामाला येतो. जावात तो २००४ पासून, म्हणजे जावा ५ पासून आहे. तालुका नावाचा एनम करून त्यात जिल्ह्यातले १४ तालुके लिहिले, की फंक्शनला त्याबाहेरचं नाव देताच येत नाही. जावा १४ पासूनच्या स्विच एक्स्प्रेशनमध्ये डिफॉल्ट न लिहिता एखादा तालुका राहून गेला, तर तेही कंपायलर सांगतो.

मग स्ट्रिंग पूर्ण जाते का? नाही. फॉर्म, एक्सेल, एपीआय यांतून येणारा डेटा स्ट्रिंगच असतो, आणि तिथे कंपायलर काही करू शकत नाही. तो आत येतानाच एका ठिकाणी एनममध्ये बदलायचा. जुळला नाही तर तिथेच एरर द्यायची, गुपचूप पुढे ढकलायचं नाही.

एक शेवटची काळजी: डेटाबेसमध्ये एनमचा क्रमांक साठवू नका. मधे नवा तालुका घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. प्रत्येक तालुक्याला न बदलणारा कोड द्या आणि तोच साठवा. उद्या नाव बदललं तरी जुन्या नोंदी शाबूत राहतील.