चाक मडगार्डच्या रेषेत, पण माणसे बसल्यावर?

नव्या गाडीला पहिले काही महिने कोणी हात लावीत नाही. मग एखाद्या रविवारी घरातला तरुण मुलगा गाडीकडे बाजूने बघत राहतो आणि म्हणतो, ‘‘बाबा, चाके किती आत गेलीत बघा ना!’’ बाबांना ते आजवर कधी दिसलेले नसते. पण एकदा दाखवले की मग दिसतच राहते. कंपनीचे चाक मडगार्डच्या कडेपासून बोट-दोन बोटे आत असते. तेच बाहेर येऊन कडेच्या अगदी रेषेत बसले की गाडी रुंद आणि दणकट वाटू लागते. या बसणीला ‘फ्लश’ म्हणतात. जपानी लोक ‘त्सुराईची’ म्हणतात. दोन पृष्ठभाग एका पातळीत येणे, असा त्याचा साधा अर्थ. सुताराने बसवलेले कपाटाचे दार आठवावे.

हौस काही वाईट नाही. दिल्लीचे करोल बाग, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बंगळुरूचा जे. सी. रोड, कुठेही जा, तासा-दोन तासांत चारही चाके बदलून मिळतात. अडचण एवढीच की दुकानात गाडी रिकामी उभी असते. घरची गाडी मात्र गणपतीला गावी निघते तेव्हा तिच्यात पाच माणसे, डिकीत बॅगा आणि मांडीवर खाऊचे डबे असतात. मागची बाजू चांगलीच खाली बसते आणि चाक मडगार्डच्या आत वर सरकते. रिकाम्या गाडीत जे टायर कडेला नुसते शोभून दिसत होते, तेच आता प्रत्येक गतिरोधकावर पत्र्याच्या कडेला घासते. ती कड आतून दुमडलेली, धारदार असते. घासण्याचा आवाज गाण्यांत आणि गप्पांत ऐकू येत नाही. घाटात टायरची बाजू कापली जाते तेव्हाच सगळे कळते.

म्हणून चाक पसंत करण्याआधी आकडे बघावेत. चाकाच्या रुंदीची मधली रेष आणि चाक हबला जिथे टेकते ती जागा, यांतल्या अंतराला ‘ऑफसेट’ म्हणतात. बहुतेक चाकांवर ‘ईटी ४५’ असा काहीतरी आकडा उमटवलेला असतो. हा आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर. समजा, कंपनीचे चाक साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. दुकानदार सात इंच रुंद, ऑफसेट ३५ चे दाखवतो. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली. त्यातले निम्मे, १९ मिलिमीटर, बाहेर आले. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणून चाक आणखी १० बाहेर गेले. एकूण २९ मिलिमीटर. शिवाय आतली कड शॉकअॅब्सॉर्बरकडे ९ मिलिमीटर सरकली, ती वेगळीच! ‘‘थोडेसेच बाहेर येईल साहेब,’’ यातले थोडेसे ते इतके.

आता गाडीत जागा किती आहे ते घरी मोजता येते. त्याला गवंड्याचा ओळंबा पुरतो; नसेल तर दोरीला नट बांधावा. गाडी सपाट जागी उभी करावी आणि, सगळ्यात महत्त्वाचे, घरच्या सर्वांना आत बसवावे. आजींनाही. डिकीत नेहमीचे सामान ठेवावे. मग मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून तो टायरच्या बाहेरच्या बाजूपासून किती लांब राहतो ते मोजावे. मोजलेल्या अंतरातले निदान पाच-सहा मिलिमीटर राखून ठेवावेत. पूर्ण रेषेत चाक आणण्याचा हट्ट घरच्या गाडीला परवडत नाही. पुढची चाके बसवून झाल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडी मागे-पुढे घेऊन, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला टायर लागते का तेही बघावे.

टायरचा व्यास बदलू नये. १६५/८० आर १४ हे टायर सुमारे ६२० मिलिमीटर उंच असते आणि १९५/५५ आर १६ सुमारे ६२१. चाक दोन इंचांनी वाढले तरी टायर तेवढेच उंच, त्यामुळे स्पीडोमीटर खरे बोलतो. पण रबराची बाजू १३२ मिलिमीटरवरून १०७ वर येते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर ही पंचवीस मिलिमीटरची गादी कमी झालेली पाठीला कळते आणि चाकालाही. पोलादी चाक खड्ड्यात वाकते, ठोकून सरळही होते. अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो. टायरच्या मापापुढचा वजनाचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००.

नटांची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचे माप गाडीगणिक वेगळे. मारुती स्विफ्टचे १०० मिलिमीटर, फियाट पॅलिओचे ९८. दोन मिलिमीटरचा फरक पाना जोरात मारून ‘बसवणारे’ कारागीर भेटतात. त्यांच्याकडे गाडी ठेवूच नये. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर बरोबर मापाची हब रिंग मागून घ्यावी, नाहीतर वेग वाढला की स्टेअरिंग थरथरते. चाक बाहेर आणण्यासाठी हबवर चकत्या घालण्याचा सोपा मार्गही सुचवला जातो. त्याने मूळ बोल्टवर नट पुरेसे फिरत नाहीत. तो टाळलेलाच बरा. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर भार आणि खड्ड्याचा हिसका हातात, हे तर आहेच. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा मापात आवळून घ्यावेत.

कायद्याचेही बघायला हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. म्हणून आपल्याच गाडीच्या महागड्या मॉडेलला कंपनी जे माप देते, ते घेणे सगळ्यात बिनघोर. चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे.

जुनी चाके दुकानदार ‘बदल्यात’ मागतो. देऊ नयेत, निदान एक पावसाळा जाईपर्यंत. आणि जुने नट एका पिशवीत घालून डिकीत ठेवावेत. स्टेपनी अजून जुन्याच पोलादी चाकाची असते आणि नवे नट तिला बसतीलच असे नाही.