पडद्यावरचे गवत

बांधावरून चालताना पायाला गवत लागते, वाकते, आणि आपण पुढे गेलो की पुन्हा उभे राहते. याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. परंतु व्हिडिओ गेममधला माणूस गवतातून गेला आणि पाते हललेच नाही, तर खेळणाऱ्याचा सगळ्या देखाव्यावरचा विश्वास उडतो. रंगवलेल्या पडद्यासमोरून नट चालत जावा, तसे ते दिसते.

आम्ही ज्या खेळांविषयी बोलणार आहो, त्यांतील चित्रे दोसुतीवरच्या भरतकामासारखी असतात. एक घर म्हणजे एक पिक्सेल; अर्धे घर भरता येत नाही. सारी अडचण येथेच आहे.

१९९६ साली जपानात निघालेला पोकेमॉन घ्या. तो गेम बॉय नावाच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर चाले. पडदा १६० पिक्सेल रुंद, १४४ उंच; छटा अवघ्या चार. मागचे दृश्य ८ बाय ८ पिक्सेलच्या फरशा जोडून केलेले, आणि त्यावर फिरणारे सुटे तुकडे एका वेळी फार तर ४०. नायकाच्या मुलाचे चित्रच अशा चार तुकड्यांचे. तेव्हा प्रत्येक पाते सुटे करण्याची गोष्टच नको! पण प्राणी दबा धरून बसावयाचे ते त्याच गवतात. म्हणजे ते खरे वाटणे भाग होते. यंत्रात एक सोय होती: सुटा तुकडा मागच्या दृश्यातील एक रंग वगळून बाकीच्या रंगांआड लपवता येई. मुलगा गवतात शिरला की खालच्या दोन तुकड्यांना तेवढी आज्ञा द्यावयाची. पाय गवतात बुडतात. गवत मात्र जागचे हलत नाही. आमच्या मते ही युक्ती आजही पाहण्यासारखी आहे.

पुढे यंत्रे बलवान झाली. एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचलेल्या, २०१६ सालच्या स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या खेळात शेतकरी चालू लागला की झुडपाएवढे गवत थरथरते आणि विळ्याने कापता येते.

हे थरथरणे घडते कसे? प्रत्येक पात्याला बुंधा असतो, तो खिळलेला. शेंड्याचा कल किती, हा एक आकडा यंत्र लक्षात ठेवते. माणूस जवळ आला की तो आकडा त्याच्या विरुद्ध दिशेला ढकलावयाचा. जितका जवळ, तितका जास्त. माणूस दूर गेला की स्प्रिंगचा नियम लागू करावयाचा: कल जितका मोठा, तितकी परतीची ओढ मोठी. मात्र दर वेळी वेगातला थोडा भाग काढून घ्यावयाचा. तो न काढला, तर गवत घड्याळाच्या लंबकासारखे झुलतच राहते. काढला, म्हणजे ते पलीकडे थोडे जाते, परतते, आणि निवांत होते. सेकंदाला ६० वेळा हा हिशेब होतो. म्हणून तो जवळच्या पात्यांपुरताच करावा, बाकीची झोपलेली असू द्यावी.

आता पिक्सेलची गोष्ट. आम्ही प्रथम १२ ओळी उंचीचे एक पाते काढून ते सरळ फिरवून पाहिले. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या. उंदरांनी खाल्लेले गवतच ते! योग्य रीत वेगळी आहे. खालच्या चार ओळी जागेवर ठेवावयाच्या, मधल्या चार एक पिक्सेल सरकवावयाच्या, वरच्या चार दोन. हिशेब अपूर्णांकात चालू द्यावा, परंतु चित्र काढताना आकडा पूर्ण करावा.

वाऱ्यासाठी मात्र सर्व पाती एकदम हलवू नयेत. ती कवायत वाटते. पाते जितके उजवीकडे, तितके ते किंचित उशिरा वाकावे, म्हणजे वाऱ्याची लाट कुरणावरून सरकताना दिसते.

एक गोष्ट विसरली जाते. ज्याचा बुंधा माणसाच्या पावलांहून पडद्यावर खाली, ते पाते माणसानंतर काढावयाचे. वर असेल तर आधी. हा क्रम चुकला, तर पाते कितीही सुंदर हलले तरी माणूस गवतातून न जाता गवतावरून तरंगत जातो.