सभागृहे बदलत गेली, अध्यक्ष तेच!

देशाची राजवटच बदलावी, जुनी सभागृहे मोडून नवी उभी राहावीत आणि अध्यक्ष मात्र तोच राहावा, हे नवल घडले ते वडोदऱ्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या बाबतीत! गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजेच दादासाहेब. जन्म 27 नोव्हेंबर 1888, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतला. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, वकिली अहमदाबादेत.

1937 मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी 1946 मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेत अध्यक्षपदासाठी त्यांची गाठ सर कावसजी जहांगीर यांच्याशी पडली. मते पडली 66 विरुद्ध 63. अवघ्या तीन मतांनी दादासाहेब निवडून आले!

पुढच्याच वर्षी इंग्रज गेले आणि ती सभाही संपली. संविधान सभेकडे आता दोन कामे होती. संविधान घडवताना राजेंद्रप्रसाद अध्यक्ष असत, तर नोव्हेंबर 1947 पासून तीच सभा कायदे करायला बसली की अध्यक्ष मावळंकर! त्यानंतर हंगामी संसद आणि 15 मे 1952 रोजी पहिली लोकसभा. त्या दिवशी झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधकांचे उमेदवार होते शंकर शांताराम मोरे. देशाच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली.

या अनुभवातून त्यांनी काय घडवले, ते तर आजही चालू आहे. मंत्री सभागृहात उठून ‘विचार करू’, ‘माहिती घेऊन सांगू’ म्हणतात. हे शब्द हवेत विरू नयेत म्हणून 1953 मध्ये त्यांच्या काळात आश्वासन समिती नेमली गेली. असे प्रत्येक आश्वासन नोंदवले जाते आणि ते पुरे झाले की नाही, याचा जाब ही समिती मंत्रालयाला विचारते. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समितीही 1950 ची, त्यांच्याच काळातली. ऊठसूट वटहुकूम काढणे लोकशाहीला शोभत नाही, हे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळवले होते.

डिसेंबर 1954 मध्ये खुद्द त्यांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. अध्यक्षांच्या कामावरही सभागृहात उघड चर्चा होऊ शकते, हे लोकसभेत तेव्हा प्रथमच दिसले. ठराव फेटाळला गेला. 27 फेब्रुवारी 1956 रोजी, अध्यक्षपदावर असतानाच, दादासाहेब गेले.

अधिवेशन चालू असताना एखादा मंत्री ‘विचार करू’ म्हणाला, तर वाचकहो, तेवढ्यावर सोडू नका. त्या आश्वासनाचे पुढे काय झाले ते आपल्या खासदाराला विचारा. तो हिशेब ठेवण्याची सोय दादासाहेबांच्या काळापासून आहे. ती वापरणे आपल्या हाती आहे.