बंदिस्त सागरी मत्स्यालय : गाळणी व मत्स्यसंख्या

अंधेरीजवळील वर्सोव्यास समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाही तेथेच आहे. तेव्हा खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यास पाण्याची चिंता ती कसली, असे कोणासही वाटेल. परंतु पावसाळ्यात तेथील पाणी गढूळ होते व मालाडच्या खाडीतून येणाऱ्या लोंढ्याने त्याची क्षारता घटते. असे पाणी टाकीत घेता येत नाही, आणि सारा भार गाळणीवर पडतो.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. गाळणीतील वाळूच्या कणांवर वाढलेले जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात; तोवर पाणी काचेसारखे निर्मळ दिसले तरी विषारी असू शकते. त्यातून समुद्रजलाचा सामू ८ च्या वर असल्याने अमोनियाचा घातक अंश गोड्या पाण्यातील अंशाहून बहुधा अधिक असतो, हे नवशिके हमखास विसरतात. जीवाणूंनाही प्राणवायू हवा. वीज गेली की मासे व गाळणी एकदमच गुदमरू लागतात. नायट्रेट मात्र साचतच राहते व पावसाळ्यापूर्वी साठविलेल्या पाण्यानेच ते कमी करावे लागते. यास्तव मत्स्यसंख्या हिवाळ्यातील पाण्यावरून न ठरविता, आषाढात गाळणी किती भार पेलेल त्यावरून ठरवावी, आणि मासेही एकदोन करूनच सोडावेत.