ओल कोणाची, भिंत कोणाची?

मृग लागण्याआधी कोकणातले घर शाकारून झालेले असे. फुटकी कौले बदलायची, पावसाच्या तोंडावरच्या भिंतींना झड लागू नये म्हणून झावळ्यांची झापे बांधायची, हा दरवर्षीचा नेम. पाऊस घरात शिरायला बघणारच, हे गृहीत धरूनच उतरते छप्पर आणि लांब वळचण ठेवलेली असे. काम कोणाचे, हा प्रश्नही नव्हता. ज्याचे घर त्याचे काम.

आता खेड आणि चिपळूण यांच्यामधल्या लोट्याला या. औद्योगिक वसाहत आली, रासायनिक कारखाने आले, त्यांच्यामागून नोकरदार आले आणि त्यांच्यासाठी सपाट गच्चीच्या इमारती उभ्या राहिल्या. पाऊस मात्र पूर्वीचाच. या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा! श्रावणापर्यंत भिंतीवर पोपडे धरतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, कोपऱ्यात काळी बुरशी चढते आणि घरातले लहान मूल रात्रभर खोकते. मग सुरू होतो वाद. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही. भाडेकरू म्हणतो, गच्ची गळते. सोसायटी म्हणते, आतले तुमचे तुम्ही बघा.

औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. त्यामुळे अशा जागेवर राहणाऱ्याला वाटते की, जमीन महामंडळाची, तर भिंतीची काळजीही त्यानेच घ्यावी. पण भाडेपट्टा जमिनीचा असतो. वर उभी राहिलेली इमारत नीट राखण्याचा भार पट्टेदारावर असतो. तेव्हा ओलीची तक्रार घेऊन तिकडे जाण्यात अर्थ नाही. जबाबदारी शोधायची ती खालच्या साखळीत: बांधणारा, सोसायटी, फ्लॅटधारक आणि भाडेकरू.

या साखळीत सर्वांत कच्चा दुवा भाडेकरूचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार मालकाने करायची दुरुस्ती त्याने कळवूनही केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र मेख ‘करायची’ या शब्दात आहे. ती दुरुस्ती मालकावर बंधनकारक असल्याचे आधी ठरलेले हवे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा याहून उदार आहे. उलट करार नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्यच ठरते. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम कापून घ्यावी. पण हा कायदा परिशिष्टात नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. आपले गाव त्यात आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. आणि अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल, तर कायद्याच्या भाषेत राहणारा भाडेकरूही नसतो. कागदावर लिहिले असेल तेवढेच त्याच्या हाती.

फ्लॅट स्वतःचा असेल तर चित्र थोडे बरे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेने स्वखर्चाने थांबवायची असते. घरातली कामे सभासदाची. इमारत नवी असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने विनामूल्य काढून द्यायचा असतो.

म्हणून आधी ओल कुठून येते ते ठरवावे. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली ओल बारमाही दिसते. गच्चीची किंवा बाहेरच्या भेगेची पावसाबरोबर येते आणि जाते. जमिनीतून चढणारी पायथ्याशी खारा पांढरा थर सोडते. भिंत पुसून त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा कडा बंद करून दोन दिवस चिकटवावा. पाणी बाहेरच्या बाजूला जमले तर दोष कोंदट हवेचा, आतल्या बाजूला जमले तर भिंतीतल्या ओलीचा. एवढ्याने निम्मा वाद मिटतो.

हा वाद केवळ रंगाच्या खर्चाचा नव्हे. इंग्लंडमध्ये रॉशडेल येथे २०२० साली दोन वर्षांचा एक मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि सामाजिक घरांच्या मालकांना ओलीच्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत हालचाल करणे भाग पडले. आपल्याकडे अशी मुदत घालून देणारे कोणी नाही. ती आपणच करारात घालून घ्यायची.

घर घेताना, भाड्याने देताना वा घेताना एक ओळ अधिक लिहावी: पावसाची ओल आली तर दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची. भिंतींची छायाचित्रे राहायला जाण्याच्या दिवशीच काढून ठेवावीत, तक्रार तोंडी न करता तारीख घालून लेखी द्यावी. घर शाकारायचे ते पावसाआधी, हे आजी-आजोबांना ठाऊक होते. कागदालाही तोच नियम लागू आहे.