खिडकी बंद झाली तेव्हा...

आमच्या बचत गटाचा संगणक तसा वयस्कर. एकांनी स्वतःसाठी नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला, त्यालाही पाच-सहा वर्षं झाली. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली, आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर बसेना. दुकानदार म्हणाला, "ताई, नवाच घ्या. ३५ हजारांपर्यंत होईल."

आम्ही चौदा जणी, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. म्हणजे वर्षाची सगळी बचत संगणकात!

दिवाळीला भाचा पुण्याहून आला होता. म्हणाला, "मावशी, लिनक्स टाकून देऊ? फुकट आहे." फुकट म्हटलं की आपल्याला आधी शंका येते. मग त्याने सांगितलं, १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ह्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. "आणि तुझ्या अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सच आहे की!" घ्या! म्हणजे ज्याला मी घाबरत होते, ते कधीपासून माझ्या पर्समध्येच होतं.

त्याने लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर आणलं आणि संगणकातलं काहीही न पुसता नुसतं चालवून दाखवलं. दुकानात साडी खांद्यावर टाकून बघतो ना, अगदी तसं. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, दिसण्यात थोडासाच काय तो फरक. पसंत पडलं, मग कायमचं टाकलं.

खरी गंमत पुढे. आमच्या खजिनदार काकू बासष्टच्या, शिक्षण सातवी. "कुठे टिचकी मारायची तेवढं दाखव गं," म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी लिब्रे ऑफिसमध्ये कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता उघडून बसल्या. जुन्या एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. अडखळले ती मी, एमएस-सीआयटी केलेली! माझी बोटं जुन्या जागा शोधत होती. काकूंना जुनी सवयच नव्हती, म्हणून सोपं गेलं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकताहेत. मराठी टायपिंगही होतं, इनस्क्रिप्टची तीच मांडणी.

पण सगळं गोडच सांगितलं तर तुमची फसवणूक होईल. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आमची पत्रं उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी! तो फॉन्ट शोधून टाकला तेव्हा कुठे वाचता आली. आणि मोठा घोळ म्हणजे, विंडोज काढून त्याच्या जागी कायमचं टाकताना जुनं सगळं पुसलं जातं. भाच्याने आधी सगळं उतरवून घेतलं खरं, पण २०१९ च्या कर्जांची फाइल दुसऱ्याच कप्प्यात होती, ती राहिली. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. दोघींच्या परतफेडीचा वाद त्याच वर्षाचा होता. नशीब, काकूंनी हाताने लिहिलेली वही ट्रंकेत जपली होती. तेव्हा बायांनो, आधी एक-एक कप्पा स्वतः उघडून बघा, दुसऱ्यावर सोडू नका.

वापरायला अवघड नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. अडतं ते अडल्यावर. भाचा पुण्याला गेला आणि आमच्या गावात कुणाला विचारायचं? दुकानदार हात वर करतो, "ते आम्ही करत नाही ताई." त्याच्याकडे कामाला असलेला मुलगा मात्र परवा संध्याकाळी गुपचूप येऊन गेला. तासभर सगळं उघडून बघितलं आणि जाताना पेन ड्राइव्ह मागून घेतला.

प्रिंटर अजून रुसलेलाच आहे. रविवारी पुन्हा येतो म्हणालाय. तोवर सभेचं इतिवृत्त झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते.